होडीच्या पोटातलं पाणी

रेवतीने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला होता आणि त्याच्या मुठीने ती होडीचा तळ ठोकत होती. माठ घेताना बायका ठोकून बघतात, तसंच. खणखणीत वाजला तर माल पक्का, बद्द वाजला तर कुंभाराला परत. पुढच्या टोकाकडून निघाली तेव्हा होडी छान वाजत होती. मधल्या बैठकीपाशी आली आणि आवाज बसला. तिने तिथे खडूने फुली मारली. हातभर पुढे ठोकलं, पुन्हा बद्द. आणखी एक फुली. बघता बघता तळावर इतक्या फुल्या झाल्या की खडू संपला, बद्द आवाज काही संपला नाही.

"काय झालं वं?" शेडच्या दारातून तिच्या नवऱ्याने, प्रेमने, विचारलं.

"पाणी शिरलंय आत."

"होडीच हाये ना ते? मंग पाणी तं लागनच," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

रेवती हसली नाही. होडी आल्यापासून अमडापुरात विनोदांचं पीक जोरात होतं. कुणी विचारी, मॅडम, समुद्र कवा आणता? कुणी म्हणे, सोयाबीन होडीतून नेता काय मार्केटला? पहिल्या महिन्यात ती उत्तरं द्यायची, दुसऱ्या महिन्यात हसून सोडायची, आता नुसती बघायची. ज्याने आयुष्यात पाणी फक्त पिकाला द्यायचं म्हणून पाहिलं त्याला वाऱ्यावर चालणारी होडी समजावणार कशी आणि कशाला?

रेवती मूळची बुलढाण्याची, जिल्हा परिषदेतल्या क्लार्कची मुलगी. कॉलेजला नागपूरला होती तेव्हा एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शीड धरायला शिकली आणि तिथल्या तलावावर तिचा जीव अडकला तो अडकलाच. पुढे लग्न झालं, चिखलीच्या शाळेत ती क्रीडाशिक्षिका झाली. क्रीडाशिक्षिका म्हणजे खेळ सोडून बाकी सगळं: खिचडीचा हिशोब, मतदारयाद्या, प्रशिक्षणं आणि प्रशिक्षणांची प्रशिक्षणं. प्रेमचं चिखलीतच कृषी केंद्र होतं. सासू-सासरे अमडापूरच्या शेतात राहत आणि ही दोघं रविवारी तिकडे जात. वाटेत धरण लागे. हिवाळ्यात धरण भरलेलं असे, पाण्यावर वारा सुरकुत्या पाडत जाई, आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या रेवतीच्या तळहाताला दोरीची आठवण होई. तिला स्वतःचं असं एवढंच हवं होतं. दुसरं काही तिने या घरात कधी मागितलं नव्हतं.

होडी तिने घेतली शालिग्राम सरांकडून. तिला शीड शिकवणारे हेच. वय झालं म्हणून सरांनी आपली जुनी, दोन माणसांची होडी विकायला काढली आणि पहिला फोन रेवतीला केला. फेब्रुवारीत नागपूरला जाऊन तिने होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. घंटेसारखी वाजली. संत्री उतरवून परत येणाऱ्या एका ट्रकने ती अमडापूरला आली आणि शेतातल्या शेडमध्ये उतरली.

त्या दिवशी सगळा गाव हसला, एक माणूस सोडून. तिचे सासरे, वामनराव. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा होडीभोवती फिरले, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, हे प्लास्टिक हाये काय?"

"नाही आबा. वरून फायबर आहे. आत लाकूड आहे."

"लाकूड हाये म्हंजे जीव हाये," आबा म्हणाले आणि त्यांनी शेडमधली खताची पोती स्वतः उचलून बाजूला रचली.

रेवतीला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मग परीक्षा आल्या, पेपर आले, उन्हाळी प्रशिक्षण आलं. पुढचे सहा-सात महिने ती होडी ताडपत्रीखाली झाकलेलीच बघत राहिली. आबांनी किती नीट झाकून ठेवली, असं म्हणून निर्धास्त झाली. दिवाळी संपली आणि प्रेमने मात्र स्पष्ट सांगितलं. मळणीचं नवं यंत्र येणार होतं. संक्रांतीच्या सुमारास तूर निघायची, त्याआधी शेड मोकळं पाहिजे. "तवरोक तुह्यी होडी पाण्यात गेली तं गेली. नाही तं भंगारवाल्याले देऊन टाकू. आता हौस पुरे."

म्हणून ती हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली होती, आणि होडी बद्द वाजत होती.

तिने ड्रिल लावून तळाला बारीक भोक पाडलं. आधी ओला भुसा आला, मग चहाच्या रंगाचं पाणी, थेंब थेंब, आणि त्याच्यामागून असा वास आला की शेडमधली मांजर उठून बाहेर गेली. या होडीचा तळ म्हणजे पुरणपोळीसारखा असतो: वर फायबरचा पापुद्रा, खाली पापुद्रा आणि मधे पातळ लाकडाचं पुरण. पापुद्रे शाबूत होते, पुरण आंबलं होतं. वरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही, आणि धरणावर जरा जोराचा वारा आला की पायाखालचा तळ पिचून दोघं पाण्यात.

तिने तिथूनच शालिग्राम सरांना फोन लावला.

"सर, तुम्ही मला सडलेली होडी दिलीत."

"रेवती, तू स्वतः ठोकून घेतली होती."

"मग रंग मारून, काहीतरी भरून झाकलं असेल. एका हंगामात एवढं लाकूड सडतं का?"

"मी? माझी होडी रंग मारून झाकेन?"

"सगळेच झाकतात. निदान स्वतःच्या विद्यार्थिनीला तरी फसवायला नको होतं," रेवती म्हणाली. मग आणखीही बरंच म्हणाली. महिनोन् महिने गावाचे विनोद गिळले होते, ते सगळे त्या म्हाताऱ्याच्या कानात ओतले. सरांनी फोन ठेवला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला जरा हलकंच वाटलं.

मग तिने ग्राइंडर घेतला आणि होडीच्या आतला पापुद्रा कापायला सुरुवात केली. ज्याला कुणाला नवस फेडायचा असेल त्याने फायबर कापावं. काचेची बारीक कुसळं गळ्यात, कानात, साडीत, सगळीकडे. आंघोळ केली तरी खाज जात नाही. तिची सासू, शालूबाई, दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तिकडेच झटक कपडे. माह्या चुलीपाशी नोको येऊ." शेतीपंपाच्या लाईनवर ग्राइंडर चालायचा, आणि लाईन तर रेवती शेतात पोचायच्या आधी येऊन गेलेली असायची. चिखलीच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून वॉटरप्रूफ म्हणून दिलेला प्लाय तिने बादलीत टाकून बघितला, तर दुसऱ्या दिवशी त्याची पानं सुटी. थंडीत फायबर चिकटवायचं रेझिन वाळेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आणि जितकं कापावं तितकं ओलं पुढे सरकत होतं.

अशाच एका रविवारी, बैठकीची फळी काढताना, तिला ती रेघ दिसली.

होडीच्या आतून, चारी बाजूंनी, काठाच्या जरा खाली पांढरी खरपुडी धरलेली होती. सरळ, पाणसळ लावून मारल्यासारखी. नखाने खरवडली तर क्षार. घरच्या बादल्यांना, हंड्यांना, शालूबाईच्या चहाच्या पातेल्याला जे पांढरं धरतं, तेच. हे तलावाचं पाणी नव्हतं आणि पावसाचंही नव्हतं. हे इथल्या बोअरचं पाणी होतं आणि ते इथे पुष्कळ दिवस उभं होतं.

ती उठून सासूकडे गेली. "आई, उन्हाळ्यात होडीत कुणी पाणी भरलं होतं का?"

"मले काय इचारतं? आबाले इचार. उन्हाळाभर नळी घेऊन तिथीच तं होते. मोसंबीले पाणी नाही, अन् तुह्या होडीले हाये!"

आबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी ऐकलं आणि मनातून लाजले, जसं कुणी चांगुलपणाचं गुपित फोडल्यावर माणूस लाजतो.

"म्याच भरली," ते म्हणाले. "तुले सांगणार नव्हतो. चैतातच ऊन कसं तापलं होतं. होडीले एक बारीक तडा दिसला मले. तुनंच सांगतलं होतं, आत लाकूड हाये म्हणून. आता बैलबंडीचं चाक पाह्य. उन्हाळ्यात लाकूड आटते, लोखंडी धाव ढिली होते. मंग आमी चाकं काढून डोहात टाको. लाकूड फुगलं का धाव अशी बसे, का काढतो म्हणलं तरी निघत नसे. म्हणलं, पोरीची होडी वाळून खिळखिळी नाही झाली पायजे. काठोकाठ भरो, वरून ताडपत्री झाको, आटलं का पुन्हा भरो. बोअर कमी पडला तवा मोसंबीच्या झाडाइचं पाणी इकडे वळवलं. मिरगात उपसून टाकलं."

बंडीच्या चाकाला ते पाणी अमृत असेल. पण चाकाचं लाकूड उघडं असतं, भिजतं आणि वाऱ्याने वाळतं. होडीचं लाकूड दोन पापुद्र्यांत कोंडलेलं. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेलं ते बाहेर आलंच नाही. दोन-अडीच महिने होडी आतून कुजत होती आणि हा माणूस रोज प्रेमाने तिला पाणी पाजत होता.

"बरं केलं ना?" आबांनी विचारलं.

"हो," रेवती म्हणाली.

तिथून ती सरळ बांधावर गेली. तिथे म्हैस बांधलेली होती. तिने म्हशीकडे बघून एक शिवी हासडली, मग दुसरी. म्हैस रवंथ करत राहिली. रडू येईना, ओरडता येईना. दुसरं कुणी असतं तर तिने त्याला उभा फाडला असता. पण घरात एकच माणूस तिच्या होडीला हसला नव्हता, आणि त्याच माणसाने ती बुडवली होती, तीही न हसता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

आणि शालिग्राम सर? चोर सोडून संन्याशाला फाशी. रेवतीने फोन काढला, सरांचं नाव समोर आणलं, आणि पुन्हा कमरेला खोचला. माफी मागायची तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं की ते फिरत फिरत घरी येणार.

पुढचे रविवार तिने मुकाट्याने काम केलं. ओलं लाकूड खरवडून काढायचं, बल्ब लावून वाळवायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा बद्द. आबा रोज शेडमध्ये येऊन बसत आणि रविवारी ती आली की विचारत, "किती राह्यलं?" एकदा तर म्हणाले, "आता एकदा पाणी भरून पाहू काय, गळते का तं?" रेवतीने ओठ चावला आणि "नको आबा" म्हणाली. प्रेम टेप घेऊन आला, यंत्र कुठे बसेल ते मापून गेला. चावडीवर मात्र तिच्या त्या फोनमुळे वेगळीच गोष्ट पक्की झाली होती: नागपूरच्या मास्तरने वामनरावच्या सुनेला सडका माल चिकटवला. शिकलेली, नोकरीवाली, आणि फसली. प्रेम तिच्यासमोरच चारचौघांत म्हणाला, "ठोकून घेतली म्हणे हिनं! डोक्सं ठोकून घेतलं असतं तं बरं झालं असतं." लोक हसले. एका वाक्यात तिला स्वतःला सोडवता आलं असतं. आबा तिथेच बसले होते. तिने ते वाक्य गिळलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तिने डोलकाठीच्या बुडाशी ठोकलं. तिथेही बद्द. म्हणजे शिडाचा सगळा भार जिथे पडतो, तिथपर्यंत पाणी गेलं होतं. आता हे नुसतं ठिगळाचं काम राहिलं नव्हतं. तळ सगळा उघडायचा, सगळं पुरण काढायचं आणि नवं भरायचं. या हिवाळ्यात होडी पाण्यात जाणार नव्हती, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला राहायला जागा नव्हती. रेवती होडीच्या काठावर बसली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तिने कोपऱ्यात भिरकावला.

तेवढ्यात आबा आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, खांद्याला पिशवी. एवढा थाट ते लग्नाला किंवा कोर्टाला जाताना करत.

"कुठं निघाला आबा?"

"नागपूरले."

"नागपूरला? कशाला?"

"त्या मास्तरच्या घरी. एसटीचं इचारून आलो. माह्या सुनेले लोकाइच्या तोंडी देलं त्यानं. त्याच्या दारात बसतो अन् इचारतो, लेकीसारख्या पोरीले फसवताना लाज नाही वाटली काय तुले? आमी त्या होडीले जीवापाड जपलं, उन्हाळाभर पाणी पाजलं, अन् हा आधीच सडकी देऊन बसला. तू मले फक्त पत्ता दे."

हा माणूस खरंच जाणार होता. जन्मात कुणाला मोठ्याने न बोललेला शालिग्राम सरांसारखा माणूस, आणि त्याच्या दारात बसून हे म्हातारे त्याचा उद्धार करणार होते, शेजारपाजार गोळा करून, तिच्या मायेपोटी.

"आबा, पिशवी खाली ठेवा."

"काऊन?"

"सरांनी फसवलं नाही. होडी चांगली होती. ठणठणीत होती." तिने उघड्या तळावर बोट ठेवलं. "पाण्याने सडली ती. तुम्ही भरलेल्या पाण्याने. ते चाकाचं लाकूड नाही आबा. त्याला पाणी चालत नाही. आत गेलं की बाहेर निघत नाही."

आबांनी पिशवी खांद्यावरून काढली, पण खाली ठेवली नाही. होडीच्या उघड्या पोटाकडे बघितलं. वाकून ते काळं, मऊ लाकूड चिमटीत धरलं. ते बोटांत मेणासारखं दबलं.

"तुले कवा समजलं हे?"

"झाले बरेच दिवस."

"त्या मास्तरले काय म्हणली होती तू?"

"शिव्या दिल्या. जे तोंडाला येईल ते बोलले."

"अन् मले काऊन नाही देल्या?"

"तुम्हाला कशा देणार आबा?" रेवती म्हणाली.

"काऊन नाही?" आबांचा आवाज चढला. या घरात तो तिने कधी चढलेला ऐकला नव्हता. "काम म्या बिघडवलं अन् बोलणं त्यानं खाल्लं! त्याले माणूस समजून भांडली तू, अन् मले म्हातारा समजून गप बसली. इतके दिवस मी येऊन राह्यलो, इचारून राह्यलो, अन् तू हो आबा, नाही आबा. लहान पोराले समजावते तशी. एखाद्या सालदारानं माह्या बैलाचं असं केलं असतं तं म्या त्याले सोडलं असतं काय?" त्यांनी रिकामी बादली पालथी घातली, धुतलेलं धोतर सावरत तिच्यावर बसले आणि वर बघितलं. "हं. बोल आता."

"आबा, असं काय..."

"बोल म्हणतो ना!"

आणि रेवती बोलली. सुरुवात चाचरत झाली, पण एकदा बांध फुटला तो फुटलाच. "विचारायचं होतं ना मले एकदा!" ती ओरडली. शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली आणि बुलढाण्याच्या गल्लीतली पोरगी बाहेर आली. "फोन हाये ना घरात? एक फोन कराले काय झालं होतं? दुसऱ्याच्या वस्तूत हात घालायचा अन् वरून ताडपत्री झाकायची! अक्कल गहाण ठेवली होती काय बोअरपाशी? आयुष्यात एक वस्तू मागितली म्या, एक! अन् ते बी तुम्ही..." तिचा आवाज फाटला, ती रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. खाजेबद्दल बोलली, सुट्या झालेल्या प्लायबद्दल बोलली, सरांबद्दल, गावाच्या हसण्याबद्दल, मुलाच्या विनोदांवर गप बसणाऱ्या आबांबद्दलही बोलली. आबा मान खाली घालून एकेक शब्द घेत होते.

आरडाओरडा ऐकून शालूबाई पिठाच्या हाताने धावत आली आणि दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. सून सासऱ्याला अशी बोलते, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्यामागून प्रेम आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"रेवती! डोक्सं फिरलं काय तुह्यं? आबाशी बोलून राह्यली तू!" तो पुढे झाला. "बस झालं आता. ट्रॉली बोलावतो अन् आजच फेकून देतो ही होडी."

आबांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

"होडी कुठी जात नाही. तुह्यं मशीन ठेव बाहेर, ताडपत्रीखाली," ते म्हणाले. "अन् तू मधात बोलू नोको बे. तिचं व्हायचं हाये अजून."